वैरागड्यांचा ठाणेदार

सिंदी रेल्वेच्या बाजारात बंडूजी वैरागड्यांचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. ढेप, सरकी, चुनी, शिवाय दोरखंड, कासरे आणि पोळ्याच्या आधी घुंगरमाळा. दुकानाच्या मागेच घर, आणि दोन्हींच्या मधे सिमेंटचं अंगण. त्यात मोरी, तुळस आणि पोत्यांची एक थप्पी कायमची. मुलगा धीरज आणि सून हर्षा नोकरीसाठी नागपूरला राहायला गेल्यापासून घराबरोबर दुकानाचंही अर्धं काम बंडूजींच्या बायकोकडे, प्रमिलाबाईंकडे आलं. बंडूजी माल आणायला बाहेर गेले की गल्ल्यावर त्या बसतात. गिऱ्हाइकाशी फार बोलत नाहीत, पण पोतं फाटलेलं निघालं तर न कुरकुरता बदलून देतात. म्हणून पुष्कळ बाया बंडूजी नसतानाच दुकानात येतात.

गेल्या पावसाळ्यात दुकानातली ढेप दोनदा चोरीला गेली. दिवसा शेळ्यांचा त्रास होताच. बाहेर मांडलेल्या पोत्यात तोंड घालायच्या, आणि बंडूजी काठी घेऊन उठेपर्यंत पळून जायच्या. शेवटी एक दिवस जेवताना ते म्हणाले, "कुत्रं पाळू आपण. राखणीले."

प्रमिलाबाईंचं माहेर रोहण्याचं, शेतकऱ्याचं. तिथे कुत्री होती, पण वावरात. घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी कधी कुत्रं पाहिलं नव्हतं.  ताटं उचलताना म्हणाल्या, "आणाचं असंन त नीट आणू. चार दिवस कौतुक आन् मंग रस्त्यावर, असं मले चालणार नाई."

"तूच पाह्य मग सारं," बंडूजी म्हणाले.

त्यांनी खरंच सारं पाहिलं. भाऊ महादेवराव रोहण्यालाच शेती करतो. त्याच्या वावरातली कुत्री नुकतीच व्याली होती. प्रमिलाबाईंनी फोन करून त्याला सांगून ठेवलं, की पिलं आईपासून इतक्यात तोडू नको, चांगली खायला लागली की एक मला दे. तोवर इकडे तयारी सुरू झाली. पोत्यांच्या मागे उंदरांचं औषध टाकलेलं असायचं, ते सगळं शोधून काढलं आणि त्याऐवजी पिंजरे लावले. फ्रीजची वायर जमिनीवर लोळत होती, ती खिळे ठोकून वर घेतली. मागच्या फाटकाखाली मांजर जाईल एवढी फट होती, तिथे विटा रचल्या. चपला फळीवर गेल्या. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टर मॅडमना जंताचं औषध कधी, लस कधी, दूध किती, हे सगळं विचारून आल्या. मॅडम म्हणाल्या, "लोक कुत्रं आणल्यावर येतात. तुम्ही आधीच आलात." प्रमिलाबाईंना यात काही विशेष वाटलं नाही.

मग त्यांनी दुकानातला एक जाड बारदाना धुवून वाळवला, त्यात जुन्या गादीचा कापूस भरला आणि तोंड शिवून अंगणातल्या कोपऱ्यात, पत्र्याखाली, अंथरला. ते पाहून बंडूजी म्हणाले, "कुत्रं येऊन राह्यलं का जावाई?"

"जावायाले एवढं नाई लागत," त्या म्हणाल्या. "तो बोलून मागते."

नवरात्र संपल्यावर त्या रोहण्याला गेल्या. वावरातल्या गोठ्यात पिलं लोळत होती. तीन तांबूस, एक काळं आणि एक पांढरंशुभ्र, फक्त एका कानावर तपकिरी डाग. महादेवराव म्हणाला, "पाह्य बाई, तुले कोणतं पाह्यजे ते. मी त काळं नेलं असतं. काळं दिसत नाई अंधारात."

तेवढ्यात प्रमिलाबाईंच्या भाच्याने, मुकेशने, गोठ्याशेजारचा ट्रॅक्टर सुरू केला. त्या आवाजाने सगळी पिलं धूम पळाली आणि आईच्या पोटाखाली घुसली. पांढरं मात्र जागचं हललं नाही. उन्हात पोट वर करून झोपलं होतं तसंच झोपून राहिलं.

"हे भिवत नाई बावा कोणाले," महादेवराव म्हणाला.

राखणीला न भिणारंच कुत्रं हवं. प्रमिलाबाईंनी तेच पसंत केलं. दोन दिवस तिथेच राहिल्या, पिलाला हातातून भरवलं. जुन्या लुगड्याचा तुकडा कुत्रीच्या अंगाखाली टाकून ठेवला होता, तो निघताना बरोबर घेतला. मुकेशचा छोटा हत्ती टेम्पो सोयाबीन घेऊन वर्ध्याकडे निघाला होता. तो पुढे सिंदीपर्यंत आला आणि आत्याला आणि पिलाला दुकानासमोर उतरवून गेला.

बंडूजींनी पिलाला उचलून उजेडात धरलं, पंजे दाबून पाहिले आणि तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, ठाणेदार. "आता पाह्यतो कोण ढेप नेते त."

पहिले काही दिवस पिलं करतात ते सगळं त्याने केलं. अंगणभर मुतलं, तुळशीची माती उकरली, बंडूजींचा टॉवेल फाडला. आईच्या वासाचं फडकं तोंडात घेतल्याशिवाय झोपायचं नाही. त्याचं रडणं मात्र विचित्र होतं. बारीक कुईकुई नाही, मोठ्यांदा आणि एकाच सुरात, कुणी गप्प केलं तरी न थांबणारं. समोर जाऊन बसलं की थांबायचं. प्रमिलाबाई खाट त्याच्या जवळ ओढून निजायला लागल्या. त्यांना वाटलं, आई आठवत असेल. ठरल्या वेळी बाहेर न्यायचं, मोरीजवळ मुतलं की गुळाचा खडा नाही तर पोळीचा तुकडा द्यायचा, हे त्यांनी नेमाने चालवलं, आणि अंगण हळूहळू कोरडं राहायला लागलं.

नाव घेऊन हाक मारली तर मात्र तो येत नसे. कधी येई, कधी ढुंकूनही पाहत नसे. बंडूजी म्हणत, "ठाणेदारच ना तो. आपल्या मर्जीनंच येईन."

मग एका दुपारी तो बारदान्यावर झोपलेला असताना बंडूजी मागून गेले आणि त्याला उचलायला त्याच्या पाठीखाली हात घातला. पिलू असं दचकलं की अर्धवट झोपेतच त्याने अंगठ्याला दात लावले. रक्त आलं. अंगठा साबणाने धुवून, दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या लागल्या, आणि पुढच्या सुयांसाठी परत परत जावं लागलं. बंडूजी चिडले. "येडं हाय हे," ते म्हणाले. "घरच्याच माणसाले चावते. उद्या गिऱ्हाइकाले चावलं त दुकान बंद करा लागन."

प्रमिलाबाईंनी पिलाकडे पाहिलं. चावल्यावर ते स्वतःच घाबरून खाटेखाली जाऊन बसलं होतं आणि थरथरत होतं. चिडकं कुत्रं असं थरथरत नाही, एवढं त्यांना माहेरच्या वावरातून माहीत होतं. पण मग हे काय, ते कळेना.

ते कळलं दिवाळीत. फटाक्यांनी पिलू घाबरेल म्हणून त्यांनी आतल्या खोलीत कपाटामागे जागा केली होती, खिडकीला रजई लावली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारातल्या दुकानांपुढे लडी लागल्या, सुतळी बॉम्ब फुटायला लागले. गल्लीतली सगळी कुत्री शेपट्या पायांत घालून कुठे कुठे दडली. प्रमिलाबाई पिलाला आत न्यायला अंगणात आल्या तर ते मोकळ्यावर पाय पसरून झोपलेलं. बंडूजी पूजेच्या ताटासकट मागे आले, पाहून खूश झाले आणि शेजारच्या किसनरावांना बोलावून आणलं. "पाहा, कसा वाघ हाय. बाजूले बॉम्ब फुटून राह्यला आन् हा घोरून राह्यला."

किसनराव हसले. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांना वावरातला ट्रॅक्टर आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिलू ताटलीत तोंड घालून दूधभात खात होतं. प्रमिलाबाईंनी पितळी परात हातात घेतली, त्याच्या मागे थोडं लांब उभं राहून ती वर धरली आणि घडवंचीवरच्या कळशीवर आपटली. तुळशीजवळचं मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं. दुकानातून बंडूजी ओरडले, "काय पाडलं वो?" पिलाने भातातून तोंड काढलं नाही.

त्यांनी परात खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसल्या. पिलाचं खाणं झालं, त्याने वळून पाहिलं, त्या दिसल्या तसं शेपूट हलवत आलं आणि त्यांच्या पायाशी बसलं.

डॉक्टर मॅडमनी त्याला टेबलावर ठेवून मागून टाळ्या वाजवल्या, किल्ल्यांचा जुडगा हलवला, शिट्टी मारली. मग म्हणाल्या, "बहिरा आहे. जन्मापासूनचा असेल. पांढऱ्या कुत्र्यांमध्ये दिसतं कधी कधी. याला औषध नाही. पण बाकी तब्येत छान आहे, आणि हुशार आहे."

"म्हून चावला तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कोणी येऊन राह्यलं हे समजलंच नाई त्याले."

"बरोबर."

घरी येऊन त्यांनी बंडूजींना सांगितलं.  ते म्हणाले, "राखणीले आणलं आन् बहिरं निंघालं. आता लोकं काय म्हणतीन? वापस दे ते रोहण्याले."

"मी केलता फोन दादाले. तो म्हणते, बहिरं कुत्रं वावरात टिकत नाई. ट्रॅक्टरखाली तरी येईन, नाई त डुकरं फाडतीन."

"मग आपण का करावं त्याचं? त्याले हाक मारता येत नाई, रागावता येत नाई. शिकवणार कसं?"

प्रमिलाबाई म्हणाल्या, "आईंले कसं सांगत होतो आपण?"

आई म्हणजे बंडूजींच्या आई, सीताबाई. शेवटची काही वर्षं त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. घरातली सगळी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायची आणि त्या आणखी चिडायच्या. कुणी मागून खांद्याला हात लावला की दचकून हात उगारायच्या. सासू-सुनेचं आधीपासून फारसं पटत नव्हतं. तरी पुढे त्यांची कामं प्रमिलाबाईंकडेच आली, आणि त्यांनी ओरडणं सोडून दिलं. खोलीत जाताना आधी दिव्याचं बटन दोनदा दाबायच्या, म्हणजे सीताबाईंना कळायचं, कोणीतरी येतंय. खाटेच्या पायाला हाताने थोपटायच्या. जेवणाला, आंघोळीला, गोळीला वेगवेगळी खूण होती. ऐकू येत होतं तेव्हा दोघी जेवढं बोलल्या नसतील, तेवढं त्या वर्षांत हातांनी बोलल्या.

बंडूजींना मात्र ते ऐकून राग आला. "माह्या मायले कुत्र्याच्या बरोबरीले बसवून राह्यली का तू?"

"बरोबरी नाई करून राह्यली," प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मले येते ते काम, एवढंच सांगून राह्यली. तुमाले काई कराचं नाई. फक्त त्याले मागून हात लावू नोका."

त्या दिवशी नवरा-बायको एकमेकांशी पुढे बोलले नाहीत. पण रोहण्याचा विषयही परत निघाला नाही.

प्रमिलाबाईंनी शिकवणं दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. अंगणाचं सिमेंट फार जाड नव्हतं. जोरात पाय आपटला की पिलाच्या पंजांना समजायचं आणि ते मान वळवायचं. मान वळवली की लगेच पोळीचा तुकडा. दुपारभर त्यांचं एवढंच चाललेलं असे. पुढे मांडीवर हात थोपटला की ये, तळहात खाली केला की बस, आणि बोट वर करून हलवलं की नको. त्याने चूक केली की तोंड फिरवायच्या. त्याला तीच मोठी शिक्षा. झोपेतून उठवायचं तर अंगाला हात न लावता नाकाशी मूठ धरायच्या. वासाने तो डोळे उघडायचा, त्यांना बघायचा आणि मगच उठायचा. दचकणं कमी झालं तसं चावण्याची भीतीही गेली. बाहेर नेताना पट्टा कधी सोडायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला.

गिऱ्हाइकांमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. चुनी न्यायला आलेला नत्थू म्हणाला, "वैरागडेजी, ठाणेदाराले ऐकू येत नाई म्हणतेत. यात नवीन काय हाय?" सगळं दुकान हसलं. बंडूजीही ओठातल्या ओठात हसले, पण आत येऊन बायकोला म्हणाले, "तुह्या कुत्र्यानं माही मजाक करून टाकली." खुणाबिणा शिकायला ते तयार नव्हते. पिलू समोर आलं की सवयीने हाक मारायचे, "ठाणेदार, हट," आणि ते त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

डिसेंबरात कापसाचा हंगाम ऐन भरात आला. जिनिंगच्या कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दिवसभर दुकानापुढून जायला लागले, ट्रॉल्यांमधून रस्त्यावर कापूस सांडत. एका बाजाराच्या दिवशी प्रमिलाबाई मागे कपडे वाळत घालत होत्या. दुकानात गर्दी होती. पोतं बाहेर नेताना कोणीतरी मधलं दार उघडं टाकलं, आणि ठाणेदार दुकानातून सरळ रस्त्यावर गेला.

किसनरावांच्या ओरडण्याने प्रमिलाबाई धावत पुढे आल्या. पिलू रस्त्याच्या मधोमध उभं होतं, सांडलेल्या कापसाचा वास घेत, दुकानाकडे पाठ करून. मागून कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नव्हता. हॉर्न ऐकून कुत्रं बाजूला होतंच, म्हणून तो वेग कमी करत नव्हता. बाजारातली माणसं ओरडत होती, "ठाणेदार, ठाणेदार." पिलाने कापसाचा पुंजका तोंडात घेतला होता आणि ते तो झटकत होतं.

प्रमिलाबाई पायरीवर आल्या तेव्हा बंडूजी रस्त्यावर पोचलेले होते. दोन्ही हात वर करून ते ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभे राहिले. ट्रॅक्टरवाल्याने करकचून ब्रेक दाबला, मागची ट्रॉली हिसका खाऊन थांबली. तो शिव्या द्यायला लागला. बंडूजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते वळसा घालून पिलाच्या समोर गेले, त्याला दिसतील असे उभे राहिले आणि मांडीवर हात थोपटला. एकदा, मग पुन्हा. पिलाने कापूस टाकला आणि त्यांच्याकडे आलं. मग बंडूजींनी तळहात खाली केला. ते बसलं. तेव्हा त्यांनी वाकून त्याला उचललं.

दुकानात आल्यावर ते पिंपातलं पाणी प्यायले.  प्रमिलाबाईंनी पिलाला त्यांच्याकडून घेतलं.

"कवा शिकले तुमी?" त्यांनी विचारलं.

"शिकाचं काय त्यात," बंडूजी म्हणाले. "तू रोज करतं. दिसते ना मले." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या ट्रॅक्टरवाल्याले थांबव. चहा पाजू त्याले. घाबरला असंन बिचारा."

त्याच आठवड्यात त्यांनी सुताराला बोलावून दुकानाच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक करून घेतलं. पट्ट्यावर हर्षाने नागपूरहून पाठवलेली पत्र्याची पट्टी लावली. त्यावर दुकानाचा फोन नंबर आणि खाली, 'मला ऐकू येत नाही'. चोरीसाठी धीरजने कॅमेरा बसवून दिला, कारण ठाणेदार एकदा झोपला की कोणी पूर्ण दुकान उचलून नेलं तरी उठणार नव्हता. दिवसाची राखण मात्र तो करतो. फाटकाच्या फटीतून त्याला शेळ्यांचा वास आधीच लागतो. शेळीने पोत्याकडे तोंड वळवलं की तो पुढचे पाय फाटकावर ठेवून असा काही भुंकतो, की शेळ्या आता दुकान चुकवून पलीकडून जातात. त्याला स्वतःचं भुंकणं ऐकू येत नसल्यामुळे ते कुठे थांबवायचं हे त्याला कळत नाही. मग बंडूजी किंवा प्रमिलाबाई पाय आपटतात आणि बोट हलवतात. आता नेहमीची गिऱ्हाइकंही फाटकाशी आली की आधी पाय आपटतात.

फेब्रुवारीत माहेरी लग्न होतं, महादेवरावांच्या मुलीचं, आकांक्षाचं. ठाणेदार आल्यापासून प्रमिलाबाई पहिल्यांदाच घर सोडून राहणार होत्या. जाताना त्यांनी बंडूजींना सगळं दोनदा सांगितलं. बंडूजी म्हणाले, "जाजो बिनधास्त. मीबी याच घरात राह्यतो."

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात त्यांचा फोन वाजला.

"हा खाऊन नाई राह्यला," बंडूजी म्हणाले. "सकायपासून फाटकाकडंच पाहून राह्यला. ताटली त्याच्यासमोर ठेवली, त तोंड फिरवते."

"तुमी कुठी हा?"

"इथंच, खुर्चीवर."

"खाली बसा त्याच्या बाजूले. हातानं भरवा."

"आता या वयात मले खाली बसवतं का तू?"

 मांडवात बाया हळदीची गाणी म्हणत होत्या, त्या आवाजापासून थोडं दूर जाऊन प्रमिलाबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बंडूजींचं कण्हणं, मग ताटली फरशीवर घासल्याचा आवाज. 

"खाल्लं का?" त्यांनी विचारलं.

"खाऊन राह्यला," बंडूजी म्हणाले. "पण आता मी उठू कसा, ते सांग."